शेजाऱ्यांनी मला पोलिसांपासून वाचवलं

मंडळी, मोठ्या अडचणीत सापडलेय, म्हणून इथे लिहितेय.

मी असोदा गावची, कॉलेज धुळ्यात देवपूरला. मुंबईच्या विमानतळावर एअर कार्गोची इंटर्नशिप मिळालीय, सोमवारी रुजू व्हायचंय. पण पोलीस पडताळणीशिवाय आत जायचा पास मिळत नाही.

आज कंपनीचा फोन आला. पडताळणीत शेरा पडलाय, दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

तशीच बस धरून घरी आले. तेव्हा कळलं, पोलीस चौकशीला आले त्या दिवशी आई-बाबा केळीच्या बागेत होते. पोलीस पोरीची चौकशी करताहेत म्हटल्यावर शेजारच्या नानांनी ठोकून दिलं, "ती अठी राहतच नाही."

पोलीस स्टेशनला गेले, तर तिथे म्हणाले, नव्याने अर्ज करा, वेळ लागेल. कॉलेजचा नियम असा की ठरल्या दिवशी रुजू झालं तरच हजेरीत सूट. नाहीतर ट्रेनिंगमुळे बुडालेले तास अंगावर येतात आणि परीक्षेला बसता येत नाही.

तणतणत नानांकडे गेले. ते ओट्यावर मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "पण माय, पोलीस चांगल्या कामाले बी येतात का?"



सोमवारच्या आत असा शेरा कोणी बदलून घेतलाय का? प्लीज सांगा.