शेंदराखालचं पाचवं नाव

आमच्या गावच्या हुतात्मा स्तंभाला दगडाबाई शेंदूर फासायची आणि मी तिच्याशी भांडायचो. लासूर स्टेशनपासून चार कोसांवरच्या शाळेत मी बावीस वर्षं मास्तरकी केली. त्यातली निदान वीस वर्षं हे भांडण चाललं. "अहो बाई, हे स्मारक आहे, म्हसोबा नाही!" मी ओरडायचो. ती तेलाची वाटी खाली ठेवून शांतपणे म्हणायची, "तुमचं इस्मारक वर हाय, गुरुजी. खाली माझा भाऊ हाय."

सांडू तिचा थोरला भाऊ. मेंढरं राखायचा. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात रानात लपलेल्या लोकांना भाकरी पोचवायला गेला, तो परत आलाच नाही. रझाकारांनी मारला म्हणतात. प्रेत सापडलं नाही. दगडाबाई तेव्हा दहा वर्षांची होती. पुढं गावानं वर्गणी काढून स्तंभ उभारला, त्यावर पाच नावं कोरली, सगळ्यांत खाली सांडूचं. पोरगा बिनलग्नाचा गेला, म्हणजे मुंजा होऊन भटकत असणार, या धास्तीनं आई म्हाळसाबाईनं त्या नावाला शेंदूर लावला. आईमागं दगडाबाईनं. दर अमावास्येला एक थर. पंचेचाळीस वर्षांत नावावर चार बोटं जाड कवच चढलं.

१९९८ साली मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं होणार होती. स्तंभाचे दगड निखळायला लागले होते. सरपंच नानासाहेबांनी दुरुस्ती काढली आणि ग्रॅनाइटची नवी पाटी बसवायचं ठरवलं. कुठूनशी जुनी यादी मिळवली, तिच्यात चार नावं. स्तंभावर दिसत होती तीही चारच. "पाचवं दाखवा, लगेच कोरतो," नानासाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण कागदापलीकडं त्याला काही दिसत नसे. पंधरा सप्टेंबरला पाटी पाथरवटाकडं कोरायला जाणार होती.

दगडाबाईला हे मीच सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी म्या माझ्याच हातानं झाकला व्हय त्याला?"

खरवडून काढावं म्हटलं तर तिला चालेना. शेंदराची खोळ देव आपणहून टाकतो, तिला लोखंड लावायचं नसतं. मग ती रोज सकाळी स्तंभापाशी जाऊन बसू लागली, खोळीला कुठं तडा गेलाय का बघत. शाळेला जाताना मीही डोकावायचो. माझी भीती वेगळीच होती. ते नाव मी स्वतः कधी पाहिलंच नव्हतं. ज्यांनी पाहिलं ते म्हातारे एकेक करून गेले होते. खाली नाव नसलंच तर? बाईनं जन्मभर कोऱ्या दगडाला तेल घातलं असलं तर? हे तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

चौदा तारीख उजाडली तरी तडा नाही. "बोलवा त्या पुंजारामला," ती म्हणाली. "पर लाकडानं काढ म्हणावं."

पुंजाराम पाथरवट बाभळीच्या पाचरी घेऊन आला. दगडाबाईनं कडेकडेनं कोमट तेल सोडलं. नानासाहेबही येऊन उभे राहिले. चौथ्या पाचरीला कवच करकरलं आणि अख्खंच्या अख्खं पुंजारामच्या हातात आलं. खालचा दगड कोरा होता. पापुद्रे सुटून त्याचं पीठ झालं होतं, अक्षराचा मागमूस नव्हता.

दगडाबाईला वाचता येत नव्हतं. ती आमच्या तोंडांकडं बघत होती. "काय लिवलंय? बोला की कुणीतरी." नानासाहेबांनी मान खाली घातली.

पुंजाराम मात्र कवच उलटं करून न्याहाळत होता. त्यानं फुंकर मारून दगडाची भुकटी उडवली, ओल्या फडक्यानं आतली बाजू पुसली. "गुरुजी, हितं या. ह्यात उठलंय." शेंदराचा पहिला थर कोरीव अक्षरांत जाऊन बसला होता, पुढं दगड झिजला, पण शेंदरानं ती अक्षरं धरून ठेवली होती. ती उलटी उमटली होती, म्हणून मी न्हाव्याकडून आरसा आणला आणि नानासाहेबांच्या हातात दिला. वाचायचं तर त्यांनीच. त्यांनी दोनदा निरखून पाहिलं.

"सांडू," ते म्हणाले. मग पुंजारामला म्हणाले, "पाच नावं कोरायची."

दगडाबाईनं त्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं.

रीतीप्रमाणे खोळ गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडायची असते. दुसऱ्या दिवशी ती कवच पांढऱ्या फडक्यात बांधून एकटीच एस.टी.नं कायगावला गेली.

सतराला मुक्तिदिनाचं झेंडावंदन. पाच नावांची पाटी बसली होती, सारा गाव जमला होता आणि दगडाबाईचा पत्ता नव्हता. नानासाहेब तिच्यासाठी खोळंबले. मी चरफडत तिच्या घराकडं निघालो. इतके दिवस जीव टांगणीला लावला आणि आज ऐन वेळी ही बाई बेपत्ता! ती दाराच्या आत भुईवर बसली होती. चूल थंड होती. शेजारच्या आशाबाईनं आणून दिलेली भाकरी तशीच पडली होती.

"चला बाई, सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

"मला चालत नाय, गुरुजी," ती म्हणाली. "सुतक हाय. परवा गंगेवर पोचवून आले त्याला. माझा भाऊ गेलाय."