कालवांच्या पाण्याचा रिपोर्ट

माझी मावशी माझ्याहून सातच वर्षांनी मोठी. आईच्या घरातलं ते शेंडेफळ. ती मला कडेवर घेऊन फिरायची असं आई सांगायची, पण मला आठवते ती माझ्याशी लगोरीत भांडणारी. लग्न होऊन ती रत्नागिरीकडे, खाडीकाठच्या एका गावात गेली. मी बी.एस्सी. झाले आणि अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका लहानशा लॅबमध्ये लागले. गेली अठरा वर्षं मी तिथे पाणी तपासते. बोअरवेलचं, सोसायटीच्या टाकीचं, कारखान्यांतून बाहेर पडणारं. बाटली येते, नंबर पडतो, आकडे निघतात, कागदावर शिक्का बसतो. मावशीला माझ्या या कामाचं फार कौतुक. गावात ती सांगायची, "आमची पोर पाण्याकडं नुसतं बघून त्यात काय हाय ते सांगते."

सहा डिसेंबरला दादरला जाऊन आली की ती दोन दिवस आमच्याकडे, बदलापूरला शिरगावात राहायची. येताना कालवांचा डबा ठरलेला. हळद-मीठ लावून उकडलेली, पाणी काढलेली कालवं. मी त्यांचं सुकं करायची आणि माझी मुलगी नाक दाबत दाबत दोनदा वाढून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी मावशी आली ती डबा न घेता. पिशवीतून तिने पाण्याच्या तीन बाटल्या काढल्या आणि ओट्यावर ओळीने मांडल्या.

"हे आमच्या खाडीचं. हे भरतीचं, हे ओहोटीचं, आणि हे तराफ्याखालचं. तपासून दे."

मावशीने गावातल्या दहा बायकांचा गट केला होता. खाडीत बांबूचा तराफा, तराफ्याला दोऱ्या, दोऱ्यांत ओवलेले रिकामे शिंपले. कालवाची पिल्लं सुरुवातीला डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढी बारीक असतात. पाण्यात तरंगत राहतात आणि मग एखाद्या जुन्या शिंपल्यावर चिकटून स्वतःचं कवच बांधायला घेतात. बायका त्याला 'बी बसणं' म्हणत. बी बसलं की वर्ष-दीड वर्षात माळ इतकी भरते की पाण्यातून काढायला दोघी लागतात.

"दोन वर्षं बी बसत नाय, बाय," मावशी म्हणाली. "बसलं तरी पंधरा दिसांत नख लावलं की भुगा. जी मोठी हायत त्यांची कवचं पापडासारखी. सोलायला गेलं की हातातच फुटतात. बायका म्हणतात वर कुठंतरी कंपनीनं काय सोडलंय. तू तपास, मग आपण लिहून देऊ."

आमच्याकडे कंपनी म्हणजे काय ते मला माहीत होतं. नाल्याचा रंग बदलला की लोक तक्रार करतात, नमुना येतो, मी तपासते आणि कुणाच्या पाइपातून काय आलं याचा माग लागतो. कधी काही होतं, कधी नाही होत, पण बोट दाखवायला एक भिंत, एक गेट असतं. मावशीच्या गावाच्या वर तर सगळी आंब्याची आणि काजूची कलमं.

शिवाय समुद्राच्या पाण्याबद्दल मी थोडंफार वाचलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला लॅबमध्ये घेऊन गेले. आमच्या सरांना तिची ओळख करून दिली आणि त्यांच्या परवानगीने एका काचेच्या पेल्यात पाणी घेतलं. त्यात रंग बदलणाऱ्या निळ्या द्रावाचे चार थेंब टाकले आणि मावशीच्या हातात नळी दिली.

"फुंक यात."

ती फुंकत राहिली. पाणी निळ्याचं हिरवट झालं, मग पिवळं. तिने नळी तोंडातून काढली.

"काय घातलंस यात?"

"मी नाही, तू घातलंस. तुझ्या श्वासातला वायू पाण्यात मिसळला आणि पाणी किंचित आंबटाकडे झुकलं. कोळसा जाळला, पेट्रोल-डिझेल जाळलं की तोच वायू निघतो. सगळ्या जगाचा. त्यातला बराचसा समुद्र पिऊन घेतो. आंबट म्हणजे जिभेला कळण्याएवढं नाही. पण पिल्लाला कवच बांधायला पाण्यातून जो चुना लागतो, तो मग त्याला नीट मिळत नाही. मोठी कालवं कशीबशी निभावतात. पिल्लं नाही निभावत."

मावशीने नळी पेल्याशेजारी ठेवली.

"मग लिहून कुणाच्या नावानं द्यायचं?" तिने विचारलं.

असं एकाचं नाव नव्हतंच. त्यातून मला प्रामाणिकपणे तिला हेही सांगावं लागलं की तुमच्या खाडीत हेच झालंय असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पाऊस जास्त पडला, गोडं पाणी जास्त उतरलं, पाणी तापलं, तरीही बी मरतं. कदाचित सगळं एकदम झालं असेल. नक्की कळायला त्याच जागेचं वर्षानुवर्षं मोजलेलं पाणी लागतं.

"आम्ही सूनपणापासून त्याच खाडीत उतरतो की."

"पण मोजलं नाही ना कुणी. दहा वर्षांपूर्वीचं पाणी मी आता कुठून आणू, मावशी?"

तरी मी बाटल्या तपासल्या. चोवीस तासांहून जास्त वेळ पिशवीत, एसटीत, उन्हात हिंदकळलेल्या त्या पाण्यातला वायू होता तसा राहिलेला नसणार हे मला माहीत होतं. आमचा मीटर कारखान्यांच्या पाण्यासाठी, जिथे फरक ढोबळ असतो. समुद्रातला फरक केसाएवढा, आणि तो केसच जिवावर उठणारा. पीएचचे, म्हणजे आंबटपणाचे, आकडे आले ते आठाच्या जरासे खाली. त्यावरून काहीच म्हणता येत नव्हतं. मी मावशीला म्हटलं, "याचा कागद नको करायला." पण ती ऐकेना. मत्स्य खात्याच्या ऑफिसात अर्ज करायचा होता, आणि कागदाशिवाय अर्ज कोण घेतं?

सर भले माणूस. "पैसे नको घेऊ हां त्यांच्याकडून," म्हणाले, आणि संगणकावर नेहमीचा फॉर्म उघडून दिला. समुद्राच्या पाण्याचा वेगळा फॉर्म आमच्याकडे नव्हताच. मी आकडे भरले. शेजारच्या रकान्यात नेहमीच्या मर्यादा आपोआप उमटतात. त्या समुद्रासाठी नव्हत्याच, त्या सांडपाण्याच्या होत्या. खाली एक ओळही आपोआप येते: 'नमुना विहित मर्यादेत आढळला.' ती ओळ मी दिवसातून वीस वेळा छापते. त्या दिवशीही छापली, सही केली, शिक्का मारला. मावशीने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत.

जानेवारी सरत आला तरी तिचा फोन नाही. शेवटी मीच केला. ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग म्हणाली, "तुझा कागद दाखवला. सायेब बोलला, पाणी तर उत्तम हाय, तुमचाच रिपोर्ट सांगतो. अर्ज परत दिला."



"बायका काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? एक जण बोलली, पाणी चांगलं तर मग आपल्याच हाताला पाप लागलं असंल. दुसरी बोलली, भाची कंपनीवाल्यांची, ती कंपनीच्याच बाजूनं लिवणार. मी भांडले तिच्याशी. तू मनाला लावून घेऊ नको."

मी चार दिवसांची रजा टाकली आणि गेले. तराफ्यावर मावशीने एक माळ वर ओढून दाखवली. ओढताना ती एकटी पुरली. जुन्या शिंपल्यांवर तांदळाच्या कण्यांएवढे पांढरे ठिपके होते. बी बसल्याच्या खुणा. मी एकावर बोटाचं टोक ठेवलं, दाबलंसुद्धा नाही, आणि तो विरघळल्यासारखा पसरला. मी बोट पाण्यात धुतलं. मावशी दुसरीकडे बघत होती.

मत्स्य खात्याच्या त्या ऑफिसात आम्ही दोघी गेलो. अधिकारी तरुण होता, आणि मी मनात ठरवून गेले होते तसा अजिबात नव्हता. त्याने खुर्च्या दिल्या. मी रिपोर्टची चूक समजावून सांगितली, मर्यादा कशा वेगळ्या, नमुना कसा बिघडलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, मला कळतंय," शेवटी तो म्हणाला. "आम्हाला शिकवलंय हे. पण हा फॉर्म बघा. नुकसानीचं कारण: वादळ, पूर, रोग. मी यातलं काय लिहू?"

"यातलं काहीच नाही."

"तेच तर. चौथा रकानाच नाही."

मावशी पुढे वाकली. "रोग लिवा की सायेब. मेली तर हायतच."

त्याने पेन खाली ठेवलं. "मावशी, रोग लिहिला तर या खाडीतलं एक शिंपलंही बाजारात कोण घेणार नाही. खडकावरची कालवं काढणाऱ्या बायका आहेत, वाळूतल्या तिसऱ्या गोळा करणाऱ्या आहेत. त्यांचं काय करू?"

मावशीला त्या बायका माहीत होत्या. त्यांतली एक तिची जाऊच. ती उठली आणि म्हणाली, "चल बाय." दारात तिने मागे वळून त्या मुलाला विचारलं, "तुमचा काय विलाज नाय का?" तो म्हणाला, "नाही हो." त्याच्या आवाजात लाज होती. मला त्याचा राग यायला हवा होता. तेवढंही जमलं नाही.

बदलापूरला परत आल्यावर मला स्वस्थ बसवेना. निदान आजपासून तरी कुणी मोजावं, असं डोक्यात बसलं. लॅबचा मीटर नेता येणार नव्हता. रविवारी उल्हासनगरला गेले. तिथे घरच्या फिल्टरचे सुटे भाग विकणारी दुकानं आहेत, एका दुकानात पेनाएवढे मीटर मिळतात. सिंधी दुकानदाराने एक काढून दिला, ग्लासात बुडवून दाखवला.

"खाऱ्या पाण्याला चालेल?" मी विचारलं.

"दीदी, सच बोलूँ? ये मीठे पानी का माल है। समुंदर में डालोगी तो कुछ ना कुछ नंबर बोलेगा, मगर भरोसा नहीं। गॅरंटी मत माँगना." मग थोडं थांबून म्हणाला, "समुंदर का क्या करना है आपको?"

मी सांगितलं. त्याने मीटर परत खोक्यात ठेवला. "इसके लिए ये नहीं चलेगा, दीदी. बेच दूँगा, पर चलेगा नहीं."

मी तरीही घेतला. सोबत एक वही घेतली, रकाने आखले: तारीख, भरती की ओहोटी, पाऊस, आकडा. मावशीला फोनवर सगळं शिकवलं. तिने महिनाभर इमानाने लिहिलं आणि दर आठवड्याला पानाचा फोटो पाठवला. एकाच दिवशी सकाळी एक आकडा, दुपारी भलताच. तिसऱ्या आठवड्यात मीटर कुठल्याही पाण्यात बुडवला तरी एकच आकडा दाखवायला लागला. दुकानदार खरं बोलला होता. ती मात्र तोच आकडा रोज लिहीत राहिली, कारण मी लिहायला सांगितलं होतं. मला तिला थांबायला सांगावं लागलं. ते सांगताना मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं त्या ऑफिसातही वाटलं नव्हतं.

मे महिन्यात गटाने तराफा मोडला. बांबू वाटून घेतले. कुणी गोठ्याला वापरले, कुणी मांडवाला. मावशी आंब्याच्या फॅक्टरीत साली काढायला जायला लागली. आंब्याच्या चिकाने हात भाजतात, म्हणून ती रात्री खोबरेल लावते. गटातल्या दोघी-तिघी तिच्याबरोबरच असतात. जी मला कंपनीची म्हणाली होती तीही. दोघी एकाच डब्यातलं खातात, असं मावशी सांगते.

मी रोज लॅबला जाते. 'मर्यादेत आढळला' छापायच्या आधी माझा हात आता थबकतो, मर्यादा कुणाच्या आणि कशासाठी ते दोनदा बघते. सरांना मी समुद्राच्या पाण्याचा फॉर्म करायचं सुचवलं. ते म्हणाले, "करू की. पण आपल्याकडे ते पाणी आणणार कोण?" तेही खरंच होतं.

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. धक्क्याच्या खांबाला तिने एक माळ बांधून ठेवली आहे, घरात पडलेल्या शिंपल्यांची. गट नाही, अर्ज नाही, नुसती तिची एकटीची.

"पाऊस संपला की बघीन," ती म्हणाली. "तू तर पाण्यातली. तुला काय वाटतं, बसंल का बी?"

खिडकीत कपडे वाळत घालता घालता मी थांबले. जे माहीत होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"बसेल," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, पोरीची बारावीची परीक्षा कधी आहे, आणि ती पुढे काय शिकणार आहे. मी म्हटलं, अजून ठरत नाहीये.