मोरीच्या दारात अम्मा

शाळेच्या पहिल्याच दिवशी मी पाणी मागितलं ते तेलुगूत. ‘नीळ्ळू’ म्हणाले. घरी दुसरा शब्दच नव्हता. वर्ग हसला, बाई हसल्या, आणि सगळे हसताहेत म्हणजे काहीतरी गंमत झाली असणार असं वाटून मीही हसले. पुढे कितीतरी दिवस मी पटांगणातून चालले की मागून कोणीतरी तो शब्द हळूच म्हणायचं.

आमचं घर विणकराचं. खोलीत हातमाग, मागाच्या पलीकडे चूल. वडील लुगडी विणायचे आणि अम्मा रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. आमच्या सगळ्या बोळात तेलुगूच बोलत. माझ्या वयाच्या पोरी आयांबरोबर रहाटाला बसलेल्या. बाजारात आणि कचेरीत मराठीच चालतं, घरात एकाला तरी ते नीट यावं, असं वडिलांनी मनात घेतलं आणि मला मुलींच्या मराठी शाळेत घातलं. सोलापुरात तेव्हा मुलींना शाळेत घालणारे थोडे, आणि आमच्यात तर फारच थोडे. त्यामुळे शाळेत जे होत होतं ते घरी सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर शाळा सुटली असती.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याचं दार असलेली एक मोरी होती. मधल्या सुट्टीत मुली तिथे लघवीला जायच्या. दाराला आतून कडी नव्हती. आमच्या वर्गात एक थोराड मुलगी होती, नव्या पेठेतल्या एका कापडवाल्याची. दोनदा नापास होऊन ती आमच्यात येऊन बसली होती. पाढा चुकला की बाई तिला सगळ्यांसमोर उभी करून म्हणायच्या, “एवढी घोडी झालीस, लाज वाटत नाही?” ती मान खाली घालून उभी राहायची. मग सुट्टी झाली की दोघीतिघींना घेऊन मोरीच्या दाराला पाठ लावून उभी राहायची, माझी वाट बघत.

ती मला मारायची नाही. आत जायची परवानगी मराठीत माग, एवढंच म्हणायची. मी म्हणायची, मला आत जायचा आहे. “जायचा? कोण जायचा?” असं विचारून ती मला पुन्हा म्हणायला लावायची. मी ‘जायची’ म्हणून बघायची, ‘जायचे’ म्हणून बघायची. एकदा बरोबर आलं तर माझा आवाज बारीक होता म्हणून पुन्हा. बाकीच्या पोटं धरून हसायच्या. इतक्यात घंटा व्हायची.

एका दिवशी सुट्टीनंतर लगेच मी बाईंकडे जाऊन बाहेर जाऊ का म्हणून विचारलं. आत्ताच सुट्टी झाली, तेव्हा काय करत होतीस, असं म्हणून त्यांनी मला जागेवर बसवलं. थोड्या वेळाने माझी वाचायची पाळी आली. पुस्तक हातात धरून उभी राहिले आणि दुसऱ्या ओळीला सगळं पायांवरून खाली गेलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. शेजारच्या मुलींनी आपापली बस्करं उचलली आणि त्या बाजूला सरकल्या. बाईंनी मला बादलीभर पाणी आणायला लावून ती फरशी धुवायला लावली. मी धूत असताना वर्ग पुढचा धडा वाचत होता. घरी मी सांगितलं, हौदापाशी पाय घसरला, परकर भिजला.

त्यानंतर मी पाणी प्यायचंच सोडलं. उन्हाळा होता. सोलापूरचा उन्हाळा, ज्यात माठापासून माणूस फार लांब जात नाही. सकाळी उठल्यावर मी घोटही घ्यायची नाही, शाळेतून घरी आले की मग प्यायची. ओठ फुटले, डोकं दुखायचं, लघवीला आग व्हायला लागली. शेवटी एका दुपारी चुलीपाशी उठता उठता डोळ्यांपुढे अंधारी आली. अम्माने मांडीवर डोकं घेतलं आणि धण्याचं पाणी पाजायला लागली तेव्हा मी तोंड मिटून घेतलं. तिने विचारलं तसं भिंतीकडे तोंड करून मी सगळं सांगितलं. फरशीचं सांगताना मात्र आवाज फुटेना. ते तिने कसं ओळखलं कोण जाणे.

वडिलांना ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी ती शाळेत आली. आमच्या वर्गाच्या दारात उभी राहिली, डोक्यावर पदर, पदराला सुताचे तुकडे चिकटलेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अम्माला मराठी यायचं ते भाजीवालीशी बोलण्यापुरतं.

“बाई, माझा पोरगी पाणी पीत न्हाय,” ती म्हणाली. “मी हितं मोरीजवळ बसते. सुट्टी संपली की जाते.”

‘माझा पोरगी’ ऐकून वर्गात खसखस पिकली. मीच त्यांच्यातली असते तर मीही हसले असते, असं माझ्या मनात आलं. बाईंनी तिला सांगितलं, बाहेरच्यांना असं बसता येत नाही. अम्माने मान हलवली, मागे गेली आणि मोरीच्या दाराशी जाडाभरड्या कापडाचा तुकडा अंथरून बसली.

मग ती रोज यायची. कोणाला काही बोलायची नाही. बसायची, एवढंच. मोरीशी कोणी उभं राहीनासं झालं. दोनतीन दिवसांत माझ्या ध्यानात आलं की माझ्याशिवाय आणखी काही जणी बिचकत बिचकत तिच्या बाजूने आत जाऊन येत होत्या. त्याही आजवर कोंडून धरत होत्या, आणि मला वाटत होतं मी एकटीच. अम्मा दार बाहेरून धरून ठेवायची आणि तोंड दुसरीकडे करायची. मी तिच्याकडे बघायचं टाळायची. कोणी विचारलं की ही तुझी कोण, तर ऐकलं नाही असं दाखवायची. सकाळी ती आपल्याबरोबरच निघेल या भीतीने मी आधीच पळायची.

एका सुट्टीत ती थोराड मुलगी भिंतीला धरून मोरीकडे आली. बरोबरच्या मैत्रिणी नव्हत्या. परकराला मागे डाग पडला होता आणि तिला ते काय आहे हे कळत नव्हतं. आपल्याला काहीतरी लागलंय, आपण मरणार, असा तिचा चेहरा झाला होता. मी जवळच होते. माझ्या घशात हसू आलं. ‘नीळ्ळू’ हा शब्दही आला. इतक्या दिवसांचं सगळं तोंडाशी आलं होतं. अम्मा उठली, तिला आत घेतलं आणि मला तेलुगूत म्हणाली, “पाठ करून दारात उभी राहा. कोणाला येऊ देऊ नको.”

मी उभी राहिले. आतून त्या मुलीचं हुंदके देणं ऐकू येत होतं आणि अम्मा आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत तिला समजावत होती की हे सगळ्या बायकांना असतं, यात मरत न्हाय कोण. ती मुलगी बाहेर आली तेव्हा अम्माचं अंथरायचं कापड तिच्या कमरेला बांधलेलं होतं. अम्माने तिला मागच्या बोळाने घरापर्यंत पोचवलं. जाताना त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी कोणाला सांगेन का, एवढंच तिच्या नजरेत होतं. ती भीती मला चांगली ओळखीची होती. तिला तशी बघून मला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची शरम वाटली.

मी कोणाला सांगितलं नाही. ती पुन्हा शाळेत आलीच नाही. पुढच्या लग्नसराईत तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं.

मोरीतलं सगळं बाईंना कोणीतरी सांगितलं असावं. आठवड्याभरात सुतार येऊन दाराला आतून कडी बसवून गेला. बाई त्याबद्दल मला किंवा अम्माला एक शब्द बोलल्या नाहीत. पण ‘घोडी’ हा शब्द त्यांच्या तोंडून नंतर मी ऐकला नाही.

कडी बसली त्या दिवशी अम्माने आत जाऊन ती लावून, उघडून पाहिली. मग माझ्याकडे आली. पटांगणात मुली होत्या, म्हणून ती हळू आवाजात बोलली.

“उद्यापासून मी येणार नाही. आता तुला लाजायला नको.”

मला वाटत होतं, मला तिची लाज वाटते हे तिला कळलेलं नाही. ‘नाही, तू येत जा,’ असं काही मी म्हणाले नाही. घंटा झाली आणि मी वर्गात पळाले.