यादीत नसलेली पेटी

सीमेवरच्या नाक्यावर एकतीस वर्षे एकाच टेबलाशी बसलेल्या त्या कारकुनांना सारे गाव शिक्केमामा म्हणत असे. नाव ठेवले होते त्यांच्या भाचीने. लहानपणी ती आईचे बोट धरून नाक्यावर येई, आणि मामांचा शिक्का कागदावर धाडकन उमटला की दचकून खळखळून हसे. तेव्हापासून ते एकट्या भाचीचे न राहता जगाचे मामा झाले.

मामांच्या टेबलावर शाईचा पॅड, पट्टी आणि तीन पेन्सिली कडेशी समांतर असत. एखादी पेन्सिल तिरकी झाली तर समोरचा प्रवासी ताटकळला तरी चालेल, पण आधी ती सरळ व्हायची. ‘नग मोजल्याशिवाय फाटक नाही’ हे त्यांचे ब्रीद होते. एकदा एका वादकाच्या परवान्यात ‘पितळी वाद्य, नग एक’ एवढेच लिहिले होते; ते खरोखर वाद्यच आहे, अशी खात्री पटेपर्यंत मामांनी त्याला भर रस्त्यात वाजवायला लावले. फाटकवाला दांडा धरून उभा होता. तो म्हणाला, “मामा, दुसरं कडवंही ऐकून घ्या, नाहीतर नग अपुरा भरायचा!” मामा हसले नाहीत. त्यांनी शिक्का मारला.

त्यांना हसवू शकणारे माणूस जगात एकच होते, त्यांची ताई. आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवले, उरल्यासुरल्या कापडाचे तुकडे जोडून त्यांचे शाळेचे कपडे शिवले. पुढे नवरा गेला, पदरात एक मुलगी राहिली, तेव्हा त्याच शिलाईवर तिने संसार ओढला. नाक्यापासून अकरा किलोमीटरवरच्या गावात, बाजारपेठेतल्या एका तीनमजली इमारतीच्या तळमजल्यावर तिचे दुकान होते. सुट्टीच्या दिवशी मामा जेवायला गेले की ती म्हणे, “माझ्या घरात शिरताना दारात थांबून परवानगी कशी मागत नाहीस रे अजून?”

“मागितली असती,” मामा म्हणत, “पण तू नाही म्हणालीस तर अपील कुठं करायचं?”

त्या सीमेची कहाणी काही गोड नव्हती. मामांच्या तरुणपणी दोन्ही देश एकमेकांशी लढले होते. कचेरीच्या भिंतीतली गोळ्यांची भोके सिमेंटने बुजवलेली होती खरी, पण रंग वेगळा पडल्यामुळे ती मोजता येत. मामांनी ती मोजली होती. सतरा होती. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी दोन्ही सरकारांत जेव्हा करार झाला, तेव्हा त्यांना मनापासून समाधान वाटले. कराराप्रमाणे दोघांपैकी कोणत्याही देशावर आपत्ती ओढवली, तर शेजाऱ्याच्या सैन्याची तुकडी विनाशस्त्र, फक्त अवजारे घेऊन मदतीला येईल. अवजारांची यादी वर्षारंभी दोन्ही नाक्यांवर पोचेल. आणि त्या यादीबाहेरचे ऐकण्याचे, बोलण्याचे वा छायाचित्रे घेण्याचे कोणतेही साधन वरिष्ठांच्या मंजुरीवाचून आत जाणार नाही. हे शेवटचे कलम मामांनी पट्टी धरून अधोरेखित केले होते. इतका सुबक मसुदा आपण नोकरीत पाहिला नाही, असे ते ताईला म्हणाले होते.

त्यानंतर त्या भागात भूकंप झाला. सकाळी पावणेसातला जमीन हलली. कचेरीचे कपाट आडवे झाले, टेलिफोन मुका झाला, आणि अकरा किलोमीटरवर, गावाच्या दिशेला, धुळीचा एक करडा पडदा उभा राहिला. मामांना ताईची आठवण झाली नाही असे नाही. पण ती नवाच्या आत दुकान कधी उघडत नसे, आणि तिचे घर बैठे, हलक्या छपराचे होते. त्यांनी मनाशी हिशेब केला, ताई सुखरूप आहे असे ठरवले, आणि कपाट उभे करायला घेतले.

नऊ वाजून वीस मिनिटांनी पलीकडच्या सैन्याचे तीन ट्रक फाटकाशी येऊन थांबले. तुकडीचा कॅप्टन पन्नाशीच्या घरातला, थकल्या डोळ्यांचा होता. पूर्वी ज्या गणवेशावर अलीकडून गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच गणवेशातली माणसे आता फावडी घेऊन आली होती. मामांनी टोपी काढून त्यांचे स्वागत केले आणि मग मोजणी सुरू केली. फावडी, पहारी, जॅक, करवती, दोरखंड, स्ट्रेचर. यादीत चौसष्ट नग होते. अर्ध्या तासात चौसष्टही जुळले. दुसऱ्या ट्रकच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत मामा स्वतः वाकून गेले.

पहिल्या ट्रकमध्ये पासष्टावा निघाला. एक करडी पेटी. आत कानाला लावायची दोन गोल चकत्यांसारखी साधने आणि एक लांब तार.

“ही गेल्याच महिन्यात मिळाली,” कॅप्टन म्हणाला. “म्हणून यादीत नाही.”

ती पेटी सांभाळणारा शिपाई पुढे झाला. “काका, ही ढिगाऱ्याच्या आतलं ऐकते. कोणी नखानं खरवडलं तरी कळतं.”

“ऐकते,” मामा म्हणाले, “म्हणूनच तर.”

ट्रक लगेच सोडायला त्यांची हरकत नव्हती. पेटी मात्र मंजुरी येईपर्यंत राहील, आणि हवे तर तिचा शिपाईही. कॅप्टनने एकदा मामांकडे पाहिले, एकदा धुळीच्या पडद्याकडे, आणि तो ट्रकमध्ये चढला. वाद घालायलाही वेळ जातो हे त्याला ठाऊक असावे.

मामांनी बिनतारी संचावरून वर निरोप पाठवला. वरच्या कचेरीवर त्या सकाळी आभाळ कोसळलेले होते; एका पेटीची दखल कोण घेणार? शिपाई बाकाच्या टोकाशी पेटी मांडीवर घेऊन बसला. दहा वाजले. साडेदहा वाजले. फाटकवाला दोनदा आत येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तो म्हणाला, “मामा, सोडा की. कोण विचारतंय आज?”

“आज कोणी विचारत नाही, म्हणूनच आज नीट राहायला हवं.”

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी संचावर एकच शब्द आला: ‘सोडा’. शिपाई पेटी छातीशी धरून नाक्याच्या मोटारसायकलवर मागे बसला. मामांनी वेळ नोंदवली.

ताई घरी नव्हती. शाळेचे गणवेश त्याच दिवशी द्यायचे होते, म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा सहालाच दुकानात जाऊन बसली होती. संध्याकाळी पलीकडच्या जवानांनी तिला कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून बाहेर काढले, तेव्हा अंगावर फारशी जखम नव्हती, पण जीव नव्हता. तिच्या बोटात शिवणाचे अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची धातूची टोपी, तसेच होते. त्याचा माथा चेपून सपाट झाला होता, आणि त्याच्या खळग्यांत निळा रंग अडकला होता. शिलाई मशीनमागून जाणाऱ्या लोखंडी नळाला तोच रंग होता.

ती वाजवत होती. कोणी ऐकेल म्हणून वाजवत होती.

गावात गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी वाणी म्हणाला, “फावडी आली वेळेवर. कान तेवढे मामांनी धरून ठेवले.” हे भाचीच्या कानी गेले. ती बावीस वर्षांची होती, आईच्याच हाताखाली शिलाई शिकलेली. तिने मामांशी भांडण केले नाही. मामा दाराशी आले की ती पाण्याचा पेला पुढे ठेवी आणि म्हणे, “बसा. तुम्हांला उशीर होत असेल.” जन्मापासून ‘मामा, तू’ म्हणणारी पोर ‘तुम्ही’ म्हणू लागली, आणि मामांना वाटले, याहून तिने तोंडावर दार लावले असते तर बरे झाले असते.

एकदाच तिने विचारले. “आई किती वेळ वाजवत होती?”

मामांच्या नोंदवहीत त्या दिवसाची प्रत्येक वेळ होती; हीच तेवढी नव्हती.

आठव्या दिवशी तुकडी परत निघाली. करारानुसार जाताना पुन्हा मोजणी करायची, आणि दोन्ही बाजूंनी सही. ट्रक उभे राहिले तोच भाची सायकलवरून येऊन नाक्यावर उतरली. ती मामांकडे न बघता थेट कॅप्टनसमोर गेली आणि मूठ उघडली. मुठीत अंगुस्तान होते.

“शिलाईच्या दुकानातून तुम्हीच काढलंत ना माझ्या आईला? मला एवढंच सांगा. दुपारपर्यंत ती जिवंत होती का? पेटी नव्हती म्हणून कुणाला ऐकू आलं नाही का?”

कॅप्टनने अंगुस्तान हातात घेतले, फिरवून पाहिले. मग टेबलामागे उभ्या असलेल्या मामांकडे पाहिले. मामांची मान खाली होती आणि हात पेन्सिली सरळ करत होते, त्या सरळच होत्या तरी.

“बाळ,” कॅप्टन म्हणाला, “आमच्याकडे दुसरी पेटी होती. जुनी. दुसऱ्या ट्रकमध्ये मागं पडलेली. पोचल्या पोचल्या तीच लावली आम्ही तुझ्या आईच्या दुकानापाशी. सव्वादहा वाजले असतील. काही आवाज नव्हता. तिनं वाजवलं ते पहिल्या थोड्या वेळात. फार सोसलं नाही तिनं.”

मामांनी मान वर केली. दुसऱ्या ट्रकच्या मागच्या कोपऱ्यात तीन स्ट्रेचर आणि दोरखंडाची दोन वेटोळी होती. ते स्वतः वाकून गेले होते.

भाची वळली. कॅप्टन परका माणूस. परका माणूस समजूत घालतो. मामांनी कधी कोणाची समजूत घातली नव्हती, आणि त्यांच्या यादीने तर कधीच नाही.

“मामा,” ती म्हणाली, “तुमच्या वहीत आहे ती पेटी?”

फाटकवाला दांड्यावर हात ठेवून उभा होता. मामांनी नोंदवही उघडली आणि ते पान काढले. चौसष्ट खुणा, खाली पासष्टाव्याची नोंद, शेजारी ती अडवल्याची आणि सोडल्याची वेळ. त्यांनी पेन उचलले, आणि शेऱ्याच्या रकान्यात, नेहमीच्याच वळणदार अक्षरात, सावकाश लिहिले: ‘दुसऱ्या वाहनातील जुने श्रवणयंत्र, नग एक, आवक तपासणीत नजरचुकीने नोंदवायचे राहिले.’ खाली सही केली आणि वही तिच्याकडे फिरवली.

“राहिलं होतं लिहायचं,” ते म्हणाले. “चूक माझी.”

या एका ओळीपायी पुढे त्यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला, आणि निवृत्तीच्या कागदांत तो अखेरपर्यंत राहिला. मामांनी खुलासा दिला नाही.

भाचीने ती ओळ दोनदा वाचली. शाई अजून ओली होती. तिने ते पाहिले की नाही, देव जाणे. आठ दिवसांत न आलेले रडू तिला तिथेच, टेबलाची कड धरून आले. मग ओढणीने डोळे पुसत ती म्हणाली, “म्हणजे तूपण चुकतोस तर.”

“चुकतो,” मामा म्हणाले.

तिने अंगुस्तान घेतले. “संध्याकाळी ये जेवायला,” म्हणाली, आणि सायकल गावाकडे वळवली.

ती वळणाआड झाली. मग मामांनी यादी पुढे ओढली. फावडी, पहारी, जॅक, करवती. चौसष्ट नग जुळले. करडी पेटी जुळली. आता वहीतली एक ओळ उरली होती.

“जुनी पेटी,” मामा म्हणाले. “परत चालली?”

“चालली,” कॅप्टन म्हणाला.

“नग एक.”

“नग एक.”

दुसऱ्या ट्रकचा मागचा पडदा वाऱ्याने हलला. आत तीन स्ट्रेचर आणि दोरखंडाची दोन वेटोळी होती. मामांनी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली, कॅप्टनने खाली सही केली, आणि शिक्का उमटला.