यमीच्या पाहुण्यांसाठी बांधलेलं तोरण

चहा आधी संपवून घ्या बाप्पा, नाही तर हासता हासता अंगावर सांडन. मी माझ्या सख्ख्या बहिणीचं जमत आलेलं लग्न दाराच्या एका तोरणापायी कसं उधळत आणलं होतं, ते सांगून राह्यलो.

तवा वऱ्हाड मध्यप्रांताले जोडलेला होता. आमी सुलतानपुरात राहत होतो. बाप लहानपणीच गेले; घरात माय, मी अन् धाकटी बहीण यमी. यमीचं एक स्थळ आधीच मोडलेलं. म्हणून लोणारच्या दाजीबांनी आपल्या पोरासाठी तिले पाहायले येतो असा निरोप धाडला, तवा मायनं मले बजावलं, "हे स्थळ गेलं तर पोट्टी घरातच राहीन. घर जरा दिसण्यासारखं कर."

एवढं कानी पडायचा अवकाश, माझ्या अंगात कलाकार संचारला!

म्हणलं, दमडी न खर्चता घर असं सजवतो का लोणारवाले तोंडात बोट घालतीन. आश्विनाचे दिवस. वावरात काय कमी? ज्वारीची कणसं आणून जुड्या बांधल्या अन् खुंटीखुंटीले टांगल्या. कपाशीची उकललेली बोंडं काड्यांसकट कोनाड्यात खोचली. लाल मिरच्यांच्या माळा केल्या. जुन्या मडक्यांले गेरू फासला. गेरूचे शिंतोडे तोंडावर, हातावर, गळ्यावर उडाले. पण कलाकारानं आरशात पाहायचं का काम?

राह्यलं दाराचं तोरण. तोरण आंब्याच्या पानांचं असते, मान्य. पण आंबा गावाबाहेर, त्याच्यावर लाल मुंगळे, अन् मी असा आळशी! दारापुढंच कडुनिंब उभा. हिरवागार! पानं कशी, कातरून ठेवल्यासारखी! मनात म्हणलं, आंबा काय सारेच लावतात. भरगच्च डहाळ्या तोडल्या अन् वरपासून खालपर्यंत सारं दार मढवून टाकलं. मधात मधात झेंडू.

लावला न कपाळाले हात? लावा, लावा. दाराले कडुनिंब बांधला म्हणजे घरात देवी निंघाल्या, कोणाच्या तरी अंगावर फोड आले, बाहेरच्यानं उंबरा चढू नये, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोट्टंही जाणते. मलेही माहीत होतं. पण वक्तावर आठवलं तर तो मी कसला?

मायले अन् यमीले मी आधीच दम देऊन ठेवलेला, "चुलीपाशीच राहा. सजावट पाहुण्यांसंगंच पाहा." नाही तर मायनं तवाच फुकणी हाणली असती.

तेवढ्यात शेजारची फातमाचाची आली. तिचा मालक पिंजारी. आमचं घर तिले घरासारखं. पण आज लांबच थबकली. पदर नाकाले लावला, दह्याचं गाडगं भुईवर ठेवलं अन् दोन पावलं मागं सरकली.

"या अल्ला! ये क्या हो गया रे बेटा?"

"कसं वाटते चाची? सारं मीच केलं!"

"तूने किया?"

"हाव! पाहुणे येऊन राह्यले न आज."

"ऐसे घर में पाहुणे?"

"असंच घर पाहायले येऊन राह्यले!"

चाचीनं डोळे पुसले अन् लगबगीनं निंघून गेली. मले वाटलं, सजावट पाहून बाई गहिवरली.

मंग पाहुण्यांची बैलांची दमणी आली. आत दाजीबा अन् त्याईचा पोरगा. मी हात जोडून पुढं. दाजीबानं एक पाय भुईवर टेकवला, दाराकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं अन् पाय पटकन वर घेतला.

"फिरव! दमणी फिरव!"

मी मागं धावलो. "दाजीबा, हेच घर हाय!"

"म्हणून तर चाललो!"

"अहो, आत तर या!"

"किती जणं हाय घरात?"

"मी, माय अन् यमी, तिघंच!"

"तिघाइलेही देवी! अरे हाण बैल!"

बैल चौखूर सुटले. मी मागं, तोंडभर लाल ठिपके घेऊन. गल्लीतले दरवाजे धडाधड बंद होऊन राह्यले. मी जेवढा जोरानं धावतो तेवढी दमणी जोरानं पळते! हे लोक मले भेतात काऊन, हा इचार डोक्यात आला नाही. रडू येत होतं हो खरंच. यमीचं तोंड डोळ्यापुढं दिसत होतं.

गावाबाहेरच्या नाल्यात दमणीचं चाक गाळात फसलं. मी ढकलायले पाण्यात उतरलो तसे बापलेक पलीकडून उड्या मारून उतरले.

"दूर राह्य! हात लावू नको बे!"

एवढ्यात माझा पाय घसरला अन् मी पाण्यात सपशेल आडवा. नाकातोंडात पाणी. उठलो तर दाजीबा माझ्याकडं आ वासून पाहून राह्यलेले.

"अरे! याच्या देवी तर धुतल्या गेल्या!"

"कायच्या देवी? गेरू हाय तो!"

"मंग दाराले कडुनिंब काऊन बांधला?"

"तोरण हाय ते... तुमच्यासाठी..."

अन् बोलता बोलता माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी गुडघाभरच होतं, नाही तर मी तिथंच बुडी मारून बसलो असतो.

आधी पोरगा हासला. मंग दाजीबा धोतर पिळता पिळता म्हणे, "चला आता. भिजलोच हाओत तर पोरगी पाहूनच जाऊ."

घरी आलो तर माय एका हातानं डहाळ्या ओरबाडत होती अन् दुसऱ्या हातानं मले शोधत होती. खरं काय ते समजल्यावर चाचीही तिले मदत करत होती. यमीनं खाली मान घालून चहा दिला. दाजीबानं पोराकडं पाहिलं. पोरगं लाजलं.

"पोरगी पसंत हाय," दाजीबा म्हणाले. "पण माझी एक अट हाय."

मायचा जीव टांगणीले लागला. आता हुंडा मागते का काय हा बुवा?

"तुमच्या दारी मांडव पडन, तवा हा पोट्टा मांडवाजवळ दिसला नाही पाहिजे."

"कबूल!" माय म्हणाली. जराही इचार केला नाही माऊलीनं.

लग्न झालं बाप्पा, थाटात झालं. मांडव कसा दिसत होता म्हणता? लोक म्हणतात, लय झकास. मले काय माहीत? मी तवा चाचीच्या घरात होतो, अन् कडी बाहेरून होती.