आधी छोटी डिस्क, मग कपाट

नकाशांच्या कार्यालयातली कॉम्प्युटरची सगळी मशीन्स ती एकटी सांभाळायची. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत. नवरा लवकर गेला, मुलगा शिकला आणि दूरच्या देशात नोकरीला लागला. रविवारी त्याचा फोन यायचा.

"बरी आहेस ना?"

"हो. तू?"

"मजेत."

इथंच गाडी अडायची. पण मशीन अडल्याचं सांगितलं की त्याचा आवाजच पालटायचा. लहानपणी दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर भंगारातली मशीन्स उघडून बसत, तेव्हाचा तो आवाज. त्या आवाजापायी बाई बिघाडाची वाट बघायला लागली होती.

एकदा खरंच अडलं. सर्व्हरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं टाकायची होती. ती बसवायची होती आतल्या छोट्या डिस्कवर. बाहेर जोडलेल्या मोठ्या डिस्कच्या कपाटात कार्यालयाचे सगळे नकाशे. ती टाकणाऱ्या इन्स्टॉलर प्रोग्रॅमनं कपाटालाच पहिली डिस्क ठरवलं आणि विचारलं, पुसू का? बाईनं कीबोर्डवरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि फोन लावला.

"काही दाबलं नाहीस ना?"

"दाबलं असतं तर तुला कशाला फोन केला असता? नोकरी शोधत फिरले असते."

तो खळखळून हसला. "अगं, दोन्ही डिस्कना चालवणारे ड्रायव्हर-प्रोग्रॅम वेगळे. ज्याचा आधी चढेल, त्याची डिस्क पहिली."

"मग कपाटाची वायरच काढते."

"आजचं भागेल. उद्या परत जोडलीस की क्रम पुन्हा उलटेल. इन्स्टॉलर सुरू करतानाच त्याला बजाव, आपल्या मनानं काही शोधू नकोस. मग तू हातानं आधी छोटीचा ड्रायव्हर चढव, नंतर कपाटाचा. पुढेही सर्व्हर तोच क्रम धरेल."

"उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय!" असं म्हणत तिनं तसंच केलं. छोटी डिस्क पहिली आली.

"झालं?"

"झालं."

"चल, ठेवतो मग."

पुढे तसलीच आणखी मशीन्स आली. बाईनं ती कुणाला न विचारता उभी केली. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. घरी येऊन मात्र तिला कशात गोडी वाटेना. आता त्याला विचारायचं काय? एखादा बिघाड रचून सांगावा असंही मनात आलं, पण जीभ रेटेना.

शेवटी एका दुपारी तिनंच फोन केला.

"काय अडलं?" त्यानं लगेच विचारलं.

"काही नाही. सगळं चालू आहे."

"मग?"

"तुझ्या खिडकीतून काय दिसतं, ते सांग."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"समोर गाड्या लावायची जागा आहे. एक माणूस कुत्र्याला गाडीत बसवायला बघतोय. कुत्रा ऐकत नाहीये."

"कसला आहे?"

"काळा. तुझ्यासारखा हट्टी."

"बसला का?" बाईनं विचारलं, आणि ती टेबलाशी खुर्ची ओढून बसली.