आईंचे शेरे

पक्ष कुठलाही असो, आमच्या सासूबाईंनी अमेरिकेच्या अध्यक्षांना पन्नासाच्या वर गुण कधी दिले नाहीत. बार्शीला नगरपालिकेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावरही हातातलं लाल पेन सुटलं नाही. अमेरिकेत नेपरव्हिलच्या आमच्या घरी टीव्हीसमोर त्या ताठ बसायच्या, चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि पडद्यावर कोणी चार वाक्यं बोललं की त्यांची उजव्या हाताची बोटं हवेत किंचित हलायची. मग शेरा यायचा. एरवी त्या तुमच्याआमच्यासारखंच बोलत, पण शेरा मात्र प्रगतिपुस्तकाच्या मराठीत. "आवाज मोठा. अभ्यास कमी."

मी त्यांना आई म्हणतो. पहिल्यांदा आल्या तेव्हा इथं निवडणुकीचा मोसम होता आणि दोन उमेदवारांचा वादविवाद टीव्हीवर होता. मी आणि माझी बायको वृंदा श्वास रोखून बघत होतो. आईंनी मधेच विचारलं, "याला प्रश्न काय विचारला होता?" मी सांगितला. "मग हा उत्तर कशाचं देतोय?" दुसऱ्यानंही तेच केलं, तेव्हा त्यांनी दोघांना मिळून एक शेरा दिला : "उत्तर पाठ केले आहे. प्रश्न वाचलेला नाही." दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना रेडिओवर तज्ज्ञ मंडळींची चर्चा मी ऐकली, तिच्यात याहून जास्त काही नव्हतं.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. निळा सूट आणि लाल टाय घातलेले दोन सिनेटर त्या बरेच दिवस एकच समजत होत्या आणि एकाचे गुण दुसऱ्याला देत होत्या. मी चूक दाखवली तर म्हणाल्या, "गणवेशच एक आहे, मी तरी काय करू?" सरकारचं कामकाज ठप्प झालं आणि दोन्ही बाजू एकमेकांवर खापर फोडायला लागल्या, तेव्हा त्यांनी सबंध सभागृहाला शेरा दिला, "पालकांना भेटण्यास पाठवावे." फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या मध्यंतरातला नाचगाण्याचा कार्यक्रम बघून त्या अस्वस्थ झाल्या. "मधल्या सुट्टीत एवढा दंगा? आता पोरं परत वर्गात बसायची नाहीत." सिनेमात महामानवांनी मारामारी करून अख्खं शहर पाडलं की त्यांना एकच काळजी, ते भरून कोण देणार. गाण्याच्या स्पर्धेतल्या रडव्या परीक्षकावर तर त्यांचा कायमचा राग होता. सगळ्यांना सारखेच गुण देणारा मास्तर आळशी असतो, असं त्यांचं मत होतं.

आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त गृहस्थ एकटेच राहतात. त्यांनी अंगणात आपल्या उमेदवाराची पाटी लावली होती. आई सकाळी फिरायला निघाल्या, पाटीसमोर थांबल्या आणि शाळेतल्या इंग्रजीत त्यांना म्हणाल्या, "युवर कँडिडेट, होमवर्क नॉट डन." मी गाडी काढत होतो, ती अर्ध्यातच थांबवली. म्हातारेबुवा पोट धरून हसले. तेव्हापासून ते रोज वाट बघायचे आणि "गुड मॉर्निंग, टीचर!" म्हणून आजचे गुण विचारायचे. मी मात्र पुढचे कित्येक दिवस त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटली होती. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी सगळं भीतीवर ढकललं.

बाहेरच्या जगाला फाडून खाणाऱ्या या बाई जावयापुढे मात्र निराळ्याच असत. मी जेवल्याशिवाय त्या ताट वाढून घेत नसत. वृंदाला "गधडे" म्हणत आणि मला "अहो सुहासराव". माझ्याबद्दल त्यांची तक्रार एकच होती, की मी काही मागत नाही. दुसऱ्या खेपेला अधिक महिन्यात स्टीलच्या डब्यात अनारसे घेऊन आल्या, ताटात वाण ठेवून माझ्यापुढे केलं आणि म्हणाल्या, "हे झालं रीतीचं. आता तुम्हाला काय हवं ते मागा." मी नेहमीसारखं म्हटलं, "काही नको आई, सगळं आहे." त्या खट्टू झाल्या. "जावयानं मागावं आणि सासूनं द्यावं, यात दोघांचीही शोभा असते. तुम्ही मला देऊच देत नाही बघा." मला ते जुन्या वळणाचं, गोड काहीतरी वाटायचं. त्यापलीकडे मी त्याचा विचार केला नव्हता.

त्याच खेपेला आमच्या सईनं, म्हणजे माझ्या मुलीनं, आजीचे शेरे मोबाइलवर टिपायला सुरुवात केली. खाली इंग्रजीत भाषांतर द्यायची आणि आपल्या अकाउंटवर टाकायची. "आजी, डू द सेनेटर वन!" म्हणायची, आणि आजी चष्मा खाली ओढून सज्ज. बार्शीचे जुने विद्यार्थीसुद्धा ते बघून "बाई, आम्हाला अजून भीती वाटते" असं आईंना फेसबुकवर लिहायचे. आईंना त्याचं कोण अप्रूप! नव्या देशात आपल्याला नवा वर्ग मिळाला, असा त्यांचा चेहरा असायचा.

मग एक दिवस ऑफिसात जेवताना नागपूरच्या एका मित्रानं फोन माझ्यापुढे धरला. "यार, ह्या तुझ्या सासूबाई ना? मस्त आहेत. पण जरा जपून हं. तुझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे ना अजून? आजकाल सोशल मीडिया चेक करतात म्हणे." तो सहज बोलला आणि डबा बंद करून मीटिंगला गेला. माझा डबा मात्र तसाच उघडा राहिला. आमचं सगळं त्या एका अर्जावर टांगलेलं होतं. घर, नोकरी, सईचं कॉलेज, सगळंच. आईंना पुढच्या वेळी विमानतळावरून परत पाठवलं तर काय, हेही मनात आलं. संध्याकाळी गाडीतून घरी येईपर्यंत मी स्वतःला पुरतं घाबरवून घेतलं होतं.

भीती खोटी नव्हती. पण सगळी खरीही नव्हती. समोरच्या घरातून हाक आली की मला होणारा संकोच, मित्रांच्या घरी आई टीव्हीकडे तोंड करून बसल्या की मला येणारं टेन्शन, हेही त्या भीतीच्या पदराखाली लपून आलं होतं.

शनिवारी सकाळी त्या ओट्यापाशी मेथी निवडत होत्या. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "आई, एक मागायचं होतं." त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथंच थांबायला हवं होतं. हातातली जुडी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मागा की! किती वर्षं वाट बघतेय मी."

मी मागितलं. व्हिडिओ नकोत, फेसबुकवर काही लिहिणं नको, समोरच्यांशी राजकारण नको, आणि सईच्या मैत्रिणी आल्या की टीव्हीवर काही बोलणं नको. आमचे पेपर्स होईपर्यंत तरी. मी बरंच लांबण लावलं. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढंच ना? दिलं."

आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली.

मला वाटलं होतं, चार दिवस गप्प बसतील आणि पाचव्या दिवशी सुटतील. तसं झालं नाही. बातम्या लागल्या की त्या वाती वळायला घ्यायच्या. सईनं गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी लावली आणि लाडात येऊन विचारलं, "आजी, हू शुड विन?" घरात आम्हीच होतो. मी मुद्दाम हसून म्हटलं, "सांगा की आई, घरात काय हरकत आहे?" त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "सगळीच मुलं गुणी आहेत." त्यांची बोटं मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतवलेली होती. सई माझ्याकडे बघायला लागली. मी रिमोट शोधायचं नाटक केलं.

वृंदाला कळलं तेव्हा ती चिडली, आणि तिचं चुकलं नाही. "मला सांगायचं होतंस. मी सांगितलं असतं तर ती माझ्याशी कडाकडा भांडली असती, अर्धं ऐकलं असतं, अर्धं सोडून दिलं असतं. तुझ्याशी ती भांडणार नाही हे तुला माहीत होतं. म्हणून तू स्वतः गेलास."



समोरचे गृहस्थ एकदा रस्ता ओलांडून आले. "टीचर बऱ्या आहेत ना? माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, तब्येत जरा नरम आहे. आई खिडकीतून बघत होत्या. माझं खोटं पडू नये म्हणून पुढचे दोन दिवस त्या फिरायलाही गेल्या नाहीत.

त्यांना परत सोडायला मी विमानतळावर गेलो. आधीच्या खेपेला त्यांनी गाडीतून उतरताना माझ्या ड्रायव्हिंगला शेरा दिला होता : "वेग बरा. वळणावर घाई." या वेळी मी मुद्दाम वळणं जरा जोरात घेतली. उतरल्यावर त्या म्हणाल्या, "नीट आणलंत हो." बॅगा ट्रॉलीवर चढवताना माझे डोळे भरून आले, आणि मी थंडीला दोष दिला.

पुढे फोनवर आमचं बोलणं हवा आणि भाजी या दोनच विषयांवर चालायचं. बार्शीत ऊन किती, इथं बर्फ किती, गवार मिळते का. इथं एवढ्या उलथापालथी झाल्या, रोज सकाळी उठून काय वाचायला मिळेल याचा भरवसा उरला नाही, आणि प्रत्येक बातमीला मला वाटायचं, यावर आई काय म्हणाल्या असत्या? मी स्वतः शेरे बनवून बघतो. जमत नाहीत. माझे लांबतात.

या वर्षी आमचं ग्रीन कार्ड आलं. पाकीट फोडल्यावर वृंदा रडली, सईनं "फायनली!" म्हणून मिठी मारली, आणि मी आधी बार्शीला फोन लावला. तेवढ्यात पुन्हा अधिक महिनाही लागला होता. कोणाच्या तरी हाती आईंनी अनारसे पाठवले होते, तोच स्टीलचा डबा. तो समोर ठेवूनच मी बोलत होतो.

त्यांना मनापासून आनंद झाला. देवापुढे साखर ठेवते म्हणाल्या. मग मी म्हणालो, "आई, आता काही काळजी नाही. आता बोला तुम्ही. काल अध्यक्षांचं भाषण झालं, तुम्ही नक्की ऐकलं असणार. किती गुण?"

"छानच बोलले," त्या म्हणाल्या. मी पुन्हा म्हणालो, "आई, मी तेव्हा मागितलं ते चुकीचं मागितलं. ते परत घ्या तुम्ही."

त्या हसल्या. राग नव्हता त्यात, असता तर बरं झालं असतं. "असं कसं सुहासराव? जावयाला दिलेलं परत घेतात का कधी?"

मग म्हणाल्या, "अनारसे फार तळले गेलेत का हो? इकडे ऊन मी म्हणतंय. तुमच्याकडे कसं आहे?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं आणि त्यांना सांगितलं, इथं अजून गार आहे.